वाळ्याचा पडदा

अकोल्यात एसी नुकते घरोघरी येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. वत्सलाबाई देवपुजारींच्या पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा असे. फाल्गुनात बसवलेला नवा एसी आठवडाभर छान चालला आणि बाईंना म्हणाला, "मी असताना हे जुनं गवत कशाला? होळीत टाका."

बाईंनी टाकलं. जाताना पडदा एसीला एवढंच म्हणाला, "बाबा, चार वाजताचं ऊन सांभाळ."

वैशाखात पारा सत्तेचाळीसवर गेला. चार वाजता काचेतून ऊन थेट आत आलं. एसीला धाप लागली, तरी खोली गार होईना.

"तुझं ऐकलं, चुकलंच माझं," बाई पदराने वारा घेत म्हणाल्या.

एसी हळूच म्हणाला, "अर्धं ऊन तो बाहेरच अडवायचा. मला वाटायचं, खोली मी एकटाच गार करतो."