महाराजांच्या टोपीची लोकर

डोंगराच्या कुशीतल्या निवळवाडीत श्री पूर्णगिरी महाराज दर थंडीत भैरोबाच्या देवळात मुक्कामाला असत. थंडी पडली की साधू बैरागी खाली देशावर उतरतात, आमचे महाराज मात्र नेमके तेव्हाच वर चढत. कुणी कारण विचारलेच तर म्हणत, "उन्हाळ्यात तुम्हाला माझी काय गरज?" अंगावर घोंगडी आणि डोक्यावर कानाखालपर्यंत येणारी पांढरी लोकरीची टोपी, एवढाच त्यांचा थाट. भक्तहो, ही गोष्ट त्या टोपीची आहे.

टोपी विणली होती भिवराबाईने. ती विधवा, एकटी. एकदा आजारी पडून तालुक्याच्या मिशनच्या दवाखान्यात बरेच दिवस राहिली, तेव्हा तिथल्या नर्सबाईने तिला क्रोशाचे विणकाम शिकवले. बरी होऊन आली ती टोकाला आकडा असलेली सुई घेऊनच. धनगरांकडून कोकरांची पहिली मऊ लोकर मागून आणायची, चातीवर सूत काढायचे आणि विणत बसायचे. भाच्यांना मोजे, म्हाताऱ्यांना कानटोप्या, आणि गावात कुणाच्याही घरी मूल जन्मले की त्याला टोपडे. मोबदला ती कुणाकडून घेत नसे.

आता फुकट मिळालेली वस्तू माणूस आधी उलटीपालटी करून पाहतो. गावातल्या थोरल्या घरच्या काकीसाहेब देशमुखांनी तर तिचा वासही घेऊन पाहिला. त्यांच्या मनात शंकेची पाल केव्हाच चुकचुकली होती. ही बाई दवाखान्यात काय खाऊन आली, काय शिकून आली, कुणी पाहिले आहे? सुतात आकडा घालून काहीतरी पुटपुटते, म्हणजे गाठी मारते. गाठीत करणी बांधते. भिवरा पुटपुटायची ती टाके मोजत, पण हे सांगणार कोण?

त्यातच काकीसाहेबांचा पहिला नातू जन्मला. भिवराने टोपडे नेऊन दिले, आणि थोड्याच दिवसांत ते मूल गेले. मग काय, संशयाला पुरावाच मिळाला! गावाने घेतलेली टोपडी गुपचूप परत केली. कुणी तर तिच्या उंबऱ्यावर मिरच्या आणि लिंबू बांधून टाकले. बाया तिला पाहून पोरे पदराखाली घेऊ लागल्या. काकीसाहेबांनी महाराजांनाही सोडले नाही. ज्या बुवाच्या डोक्यावर करणीची टोपी, तो बुवा तरी शुद्धीवर कशावरून, असे त्या चारचौघांत विचारत. हे कानावर आले तेव्हा महाराजांनी हसून टोपी आणखी खाली ओढली.

भिवरा मात्र खचली. पुढच्या थंडीत महाराज आले तेव्हा तिने सुई त्यांच्या पायाशी ठेवली.

"म्हाराज, ही चुलीत घालते. माज्या हातात वंगाळ काय असंल, तर माजं मला तरी कसं कळायचं?"

महाराजांनी सुई उचलून तिच्या हातात परत दिली. आणखी थोडे थांब, एवढेच ते म्हणाले.

आणि त्याच हिवाळ्यात, गवतावरचे दव गोठलेले असताना, काकीसाहेबांची सून दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. मूल मुठीएवढे. ओठ निळे पडलेले, रडेना. सुईण शेगडी पेटवून हातपाय चोळत होती आणि सांगत होती की याचे डोके झाका, ऊब सगळी डोक्यातून जाते. पण बारशाआधी मुलाच्या अंगाला कोरे कापड लावायचे नाही, जुन्या धोतराच्या धडप्यातच गुंडाळायचे, हा त्या घरचा रिवाज. धडप्यातून वारा जात होता. घरातल्या जाड घोंगड्या त्या जिवाला पेलवत नव्हत्या.

बातमी देवळात पोचली. बाळंतपणाचे सोयर असलेले घर, तरी महाराज सरळ देशमुखांच्या ओसरीवर जाऊन बसले. मागे अंग चोरून भिवरा. तिला पाहताच काकीसाहेब दार अडवून उभ्या राहिल्या.

"बुवा, एक घास गिळून हिचं पोट भरलं नाही का?"

महाराजांनी डोक्यावरची टोपी काढली. "ही मी तीन हिवाळे घातली आहे, तेव्हा कोरी तर नाही. आणि करणी असेल तर आधी मला लागली असेल. तुमच्याच हातानं उसवून बघा. हिच्यात एक जरी गाठ सापडली, तर भिवरा आज गाव सोडील आणि तिच्यामागे मीही."

भिवराने सुईने आत दडवलेले टोक मोकळे करून दिले. काकीसाहेबांनी ओढले. फासामागून फास सुटत गेला, ओळीमागून ओळ. कुठे अडेल म्हणून त्या डोळे फाडून पाहत होत्या. शेवटचा फास सुटला आणि हातात नुसते सूत राहिले, पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ.

"आता विण," महाराज भिवराला म्हणाले.

काकीसाहेबांचा संशय तेवढ्याने कुठला फिटायला! भिवरा मधेच दुसरे सूत मिसळील म्हणून त्यांनी त्या सुताचा गुंडा करून तो स्वतःच्या मुठीत धरला आणि हातभर हातभर सूत सोडू लागल्या. टोपडे झाले, सुईणीने आत नेले. म्हाताऱ्या माणसाची एक टोपी, तिच्यातून असे कितीसे सूत निघणार? पण मोजे झाले. मग दुपटे सुरू झाले. भिवराची मान खाली, तिला कशाचे भान नव्हते. महाराज डोळे मिटून नाम घेत होते. मुठीतला गुंडा होता तेवढाच आहे, हे त्या ओसरीवर फक्त एका माणसाला कळत होते, आणि ते माणूस घामाने डबडबले होते. दुसऱ्या कुणी सांगितले असते, तर काकीसाहेबांनी जन्मात विश्वास ठेवला नसता!

उन्हे ओसरीवरून उतरली तेव्हा दुपट्याची शेवटची ओळ पुरी झाली आणि सुताचे टोक काकीसाहेबांच्या मुठीतून निसटले. मूठ रिकामी होती. दुपटे आत गेले. थोड्या वेळाने बाळ रडले, आधी बारीक, मग चांगले खणखणीत.

महाराजांनी डोळे उघडले. "काकीसाहेब, पहिल्या नातवाचं टोपडं कुठं आहे?"

काकीसाहेबांनी आत जाऊन पेटीतून ते काढून आणले. भिवराने घातलेली घडी अजून तशीच होती.

"कोरं म्हणून मीच घालू दिलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या डोक्याला हे लागलंच नाही, महाराज. तेव्हाही अशीच थंडी होती."

एवढे बोलून त्या महाराजांच्या पायांवर कोसळल्या. वर्षभर त्या भिवरावर बोट रोखून होत्या, कारण ते बोट कुठे वळेल याचे त्यांना भय होते. महाराज एक शब्द रागे भरले नाहीत. त्यांनी नुसते पाय बाजूला घेतले. समोर भिवरा उभी होती. काकीसाहेबांनी तिच्या पायांवर डोके ठेवले, तशी ती गडबडून खाली बसली, त्यांचे डोके मांडीवर घेतले आणि तिने एकच विचारले, "बाळाचं कान झाकल्यात न्हवं?"

तो हिवाळा महाराजांनी उघड्या डोक्याने काढला. पुढच्या खेपेला देवळात काकीसाहेब वाट पाहत होत्या. भिवराच्या उंबऱ्यावर बसून त्या विणायला शिकल्या होत्या. त्यांनी केलेल्या टोपीचा एक कान लांब, दुसरा आखूड. लाजत लाजत ती त्यांनी पायांशी ठेवून नमस्कार केला. महाराजांनी टोपी डोक्यावर घातली, आणि समाधीपर्यंत दुसरी घातली नाही. अशा त्या दयाघनाच्या चरणी आपलेही मस्तक असो.