सामाईक भिंत

“...आणि तिनं शेवटपर्यंत नाहीच म्हटलं, तर मी काय करायचं, नाना?”

हेरंब कारखानीसनं पुन्हा तेच विचारलं.  नाना ढवळीकर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते.

जुन्या इमारती कशा जपायच्या, हे नानांनी जन्मभर शिकवलं. हेरंब त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य, असं लोक म्हणत. हेरंबचंही तेच मत होतं.

आज तो संतापानं नुसता फणफणत होता.

सोलापूरच्या कडेला एका बंद गिरणीची चाळवजा वस्ती आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात गिरणीनं कामगारांसाठी बांधलेली बैठी घरं. एक खोली, मागं स्वयंपाकघर, पुढं ओटा, वर कौलं. बिल्डरचा तिच्यावर केव्हाचा डोळा. हेरंबनं ती वारसा म्हणून जपावी असा अर्ज केला, तेव्हा महापालिकेच्या वारसा समितीतले लोक चक्क हसले होते. इथं कुठला सरदार राहत होता, म्हणाले.

हेरंब हटला नाही. भांडला, कागद नाचवले, माणसं दुखावली. शेवटी समिती नमली, पण एका अटीवर. वस्तीतल्या प्रत्येक घराचा होकार हवा.

सगळ्यांनी दिला. फक्त म्हातारी भूदेवी बोल्ली अडून बसली. उद्या सकाळी समिती यायची होती, आणि या एका बाईपायी सगळ्या वस्तीवर नांगर फिरणार होता.

“मला म्हणाली, उंबऱ्यात पाय ठेवलास तर तंगडं मोडीन. मी यांच्यासाठी रक्त आटवतोय, आणि...” हेरंबनं कपाळावर हात मारला. “अडाणी आहे हो ती. आपल्याकडं काय आहे, ते तिला कळतच नाही.”

अडकित्ता थांबला.

“तुला कळतं?”

“म्हणजे काय...”

“चल. दाखव.”

बोल्लींच्या शेजारचं घर शकुंतला म्हमाणेचं. ती गेल्या वर्षी वारली. तिच्या मुलानं घर हेरंबच्या ताब्यात दिलं, आणि हेरंबनं ते नमुना म्हणून गिरणीच्या जुन्या नकाशाबरहुकूम पुन्हा मूळ रूपात आणलं होतं. माळा काढला, फरशी काढली, ऑइलपेंट खरवडला. दगडी चाकाच्या घाण्यात मळलेल्या चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून गिलावा केला. आता म्हटलं तर उद्या पहिला भाडेकरू ट्रंक घेऊन यावा.

नानांनी सगळं पाहिलं. चुना चांगला मळलाय, म्हणाले. नानांच्या तोंडून एवढंही कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळं हेरंबचा राग थोडा निवळला.

मग नाना बोल्लींच्या बाजूच्या भिंतीवरून हात फिरवत गेले. एका जागी हात थांबला.

“इथं ओल आहे. काय बुजवलंस?”

“भोक होतं.” हेरंबला आवडता विषय मिळाला. “दोन्ही घरांची भिंत सामाईक आहे ना, तिच्यातल्या विटा काढून कुणीतरी आरपार दिवळी केली होती. नकाशात नाही. मी जुन्याच विटा शोधून आणल्या. सांधा दिसतोय का बघा.”

सांधा दिसत नव्हता.

नानांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा उरलेलं बाहेर आलं. गिरणीत मोठा संप झाला, तेव्हा दोन घरांना दोन दिव्यांचं तेल परवडेना. म्हणून म्हमाणे आणि बोल्ली या दोघा शेजाऱ्यांनी मिळून भिंत फोडली आणि मधोमध एक दिवा ठेवला. एका उजेडात दोन चुली. एक दिवस तेल यांचं, एक दिवस त्यांचं. संप मिटला, पुढं वीज आली, शकुंतला आणि भूदेवीचे नवरे गेले. सुना सासवा झाल्या, तरी सांजेचा दिवा तसाच चालू राहिला.

हे सगळं म्हमाणेच्या मुलानं हेरंबला हसत हसत सांगितलं होतं. हेरंबनंही हसून घेतलं, आणि ‘नंतरची तोडफोड’ म्हणून सोडून दिलं.

“भूदेवीबाईंना विचारलंस?”

“काय विचारायचं? मी आमच्या बाजूनं बुजवलं. त्यांच्या बाजूला हातसुद्धा लावला नाही.”

नाना बाहेर गेले आणि त्यांनी शेजारची कडी वाजवली.

म्हातारी दारात आली. हेरंबकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. ती रागानं नानांशीच बोलली.

“शकू गेली तरी मी दिवा लावतच होते, मास्तर. माझ्या दिवशी लावायचे. तिच्या दिवशी न्हाई. तिच्या दिवशी अंधारात बसायचे. वाटायचं, आता हात येईल तिचा, तेल घालंल.” तिनं दम घेतला. “ह्यानं येका दुपारी तिचं तोंड लिंपून टाकलं. आन मलाच म्हनतो, आजी, तुमचं घर जपायचंय.”

दार आपटलं.

हेरंबला ते लागलं. पण तो हुशार माणूस, त्यानं ते लगेच रागात घालून टाकलं.

“मी मुद्दाम केलं का?” म्हमाणेच्या घरात परत येताच तो नानांवर उखडला. “तुम्हीच शिकवलंत ना, मूळ शोधा, नंतरचं काढा. मी तेच केलं. आता माझाच गुन्हा?”

नानांचे कान लाल झाले. कोपऱ्यात गवंड्याची हातोडी आणि छिन्नी पडली होती. ती त्यांनी उचलली.

गिलावा तपासतायत, असं हेरंबला वाटलं.

पहिला घाव बसला, आणि नव्या चुन्याचा पापुद्रा खाली आला.

“नाना... सकाळी समिती येतेय.”

दुसरा घाव बसला. हेरंबनं त्यांचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यानं गुरूच्या पायांखेरीज कशाला हात लावला नव्हता. म्हाताऱ्यानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं... हात आपोआप सुटला.

तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून आवाज आला. कुणीतरी बत्त्यानं ठोकत होतं.

एक वीट हलली. ती इकडं पडली नाही, तिकडं ओढली गेली. मग दुसरी. मग कोपरापर्यंत चुना माखलेला एक सुरकुतलेला हात भोकातून आत आला, कडेचा राडा चाचपून गेला.

“सकाळी किती वाजता येनार हायत ती मानसं?” पलीकडून विचारणा झाली. आवाजातला राग तसाच होता.

नानांनी वेळ सांगितली.  हेरंबच्या घोटलेल्या जमिनीवर ढिगारा पडला होता, त्याचा न दिसणारा सांधा गेला होता, आणि डोळ्यांत संतापानं पाणी आलं होतं.

“विचारतील ना ते मला. मूळ भिंतीला भोक कसं, म्हणतील. काय सांगू मी त्यांना, नाना? काय सांगू?”

नानांनी मिशीवरचा चुना पुसला.

“सांग, भोक मूळचं आहे... भिंत नंतर बांधलीय.”