खळ्यासारखा सारवलेला उकिरडा

एकदा एका गावाचा उकिरडा पेटला आणि काही केल्या विझेना. नदीच्या वळणावर पिढ्यानपिढ्यांचा कचरा साचलेला, आणि त्याला लागूनच गिरजा कुंभारणीचे खोपट. कशीबशी आग विझली, तेव्हा ती मठातल्या वृद्ध आचार्यांकडे आली. "बाबा, धुरानं लेकरू खोकून खोकून बेजार झालंय. पुन्हा पेटलं तर चाक उचलून गाव सोडते बघा."

"माझ्यावर सोपवा," आचार्यांचा शिष्य म्हणाला. शेतकऱ्याचा मुलगा तो. खळे करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने चिकणमाती उकिरड्यावर अंथरली, चोपचोपून दगडासारखी केली आणि वरून शेणाने सारवली. लोक कौतुक करून गेले. झाकले की संपले, असे मानणारे आपणही थोडे नाही. गिरजाने हात जोडले आणि शिष्याची छाती फुगली.

चैत्राच्या उन्हात त्या खळ्याला भेग पडली. एवढीशीच, बोट जाईल इतकी. एक गुराखी तिच्याजवळ चिलीम पेटवायला बसला, तोच भेगेतून निळसर जाळ भसकन वर आला. गुराख्याच्या मिशा गेल्या, जीव वाचला. गिरजा गाव सोडायला मडकी बांधू लागली.

ते पाहून शिष्य भेग लिंपायला धावला, तर आचार्य कुदळ घेऊन ते सुंदर खळेच खणत होते! मग त्यांनी बांबूच्या बनातली, पालापाचोळा कुजून काळी झालेली भुसभुशीत माती आणवून तिचा जाड थर पसरला आणि वर पाणी शिंपडले.

"गुरुजी, हे काय आरंभलंत? घट्ट मातीतून जाळ निसटला, तो या पोकळ मातीने अडेल?"

आचार्य घाम पुसत खाली बसले. "अडवायचं कोणाला आहे? तुला काहीही दिसलं की दाबायचंच सुचतं. कचरा आत कुजणार, त्याचा जळाऊ वायू होणारच. तू मातीचं झाकण केलंस. फट मिळाली तिथून तो एकवटून बाहेर पडला. पण माती जिवंत असते, बाळा. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, आणि हाच वायू त्यांचं अन्न. त्यांना श्वासापुरती हवा हवी, थोडी ओल हवी. तू चोपून त्यांचा गळाच आवळलास. आता वायू सावकाश वर येईल आणि वाटेतच बराचसा खाल्ला जाईल. सगळा नाही, पण असा भडका उडण्याइतका उरायचा नाही."

शिष्याने गिरजाला थोडे थांबायची विनवणी केली. ती थांबली, पण बांधलेली मडकी सोडली नाहीत. उन्हाळाभर तो नदीचे पाणी वाहून माती ओली ठेवत राहिला.

वैशाख सरला, धूर निघाला नाही. एका सकाळी उकिरड्यावर भोपळ्याचा वेल उगवलेला दिसला, आणि पलीकडे गिरजाचे चाक फिरत होते. शिष्य आनंदाने वेलाकडे झेपावला. पण पायाखालची माती दबेल हे ध्यानात येताच हळूच मागे सरला.