पंचाकडे पाहणारा बचावपटू

इंग्लंडच्या उत्तरेकडील एका लहान गावात एकदा एक वृद्ध फुटबॉल प्रशिक्षक होते. उमेदीच्या काळात बावीस वर्षे ते बचावपटू म्हणून खेळले. त्यांतले दोनच हंगाम सर्वांत वरच्या विभागात, बाकीचे सगळे खालच्या विभागांत, सात क्लबांकडून. गोल किती केले म्हणाल तर तीन, आणि त्यांतलाही एक स्वतःच्याच जाळ्यात. तिकडे प्रशिक्षकाला 'गॅफर' म्हणतात. आपल्या तालमीत जे वस्ताद, तेच ते. आपण त्यांना वस्तादच म्हणू.

त्यांच्या हाताखाली चोवीस वर्षांचा एक शिष्य होता, तोही बचावपटूच. पंधराव्या वर्षी एका मोठ्या क्लबाने त्याला अकादमीतून घरी पाठवले होते, उंची कमी पडते म्हणून. पुढची काही वर्षे तो उसना खेळाडू म्हणून या क्लबाकडून त्या क्लबाकडे फिरला. आता कुठे एका जागी टिकला होता, तोही एका वर्षाच्या करारावर. त्याचा हा क्लब चौथ्या विभागात तळाशी होता. शेवटचा सामना निदान बरोबरीत सुटला तर क्लब टिकणार होता. हरला तर तो लीगमधूनच बाहेर, आणि शिष्याच्या करारावरही पाणी. घरी पत्नीला सातवा महिना लागलेला.

आता या खेळातला एक नियम सांगितलाच पाहिजे. पास निघतो त्या क्षणी आक्रमक खेळाडू बचावफळीच्या पलीकडे पोहोचलेला असेल, तर तो 'ऑफसाइड' ठरतो. कडेचा पंच झेंडा वर करतो आणि झालेला गोल धरला जात नाही. या खालच्या विभागांत टीव्हीवर पाहून निर्णय फिरवण्याची सोय नसते, झेंडा हाच शेवटचा शब्द. यामुळे बचावपटूंना एक वाईट खोड लागते. समोरचा पुढे निसटलेला दिसला, की ते हात वर करून पंचाकडे पाहत उभे राहतात.

अकराव्या मिनिटाला तेच घडले. प्रतिस्पर्ध्यांचा आघाडीवीर शिष्याच्या मागून निसटला. हातभर तरी पुढे होता. शिष्याने हात उंचावला आणि तो पंचाकडे वळला. झेंडा वर गेला नाही. आघाडीवीरही थांबला नाही. गोल झाला आणि घरचेच प्रेक्षक शिष्याच्या नावाने शिव्या घालू लागले.

मध्यंतरात खोलीत कोणी कोणाकडे पाहत नव्हते. आपल्याला आता बाहेर बसवणार हे गृहीत धरून शिष्य बुटांच्या नाड्या सोडू लागला. वस्ताद कर्णधारापुढे जाऊन उभे राहिले.

"दंडावरचा पट्टा दे."

कर्णधारपदाची खूण असलेला तो पट्टा तो नऊ वर्षे बांधत होता. त्याने तो काढून दिला. वस्तादांनी तो शिष्याच्या दंडावर चढवला. "नाड्या बांध," ते म्हणाले.

"याला?" कर्णधार उसळला. "वस्ताद, याच्यामुळे आपण मागे आहोत!"

"ठाऊक आहे," वस्ताद म्हणाले आणि बाहेर गेले. म्हाताऱ्याची बुद्धी नाठी झाली, असेच सगळ्यांना वाटले असणार. मी तिथे असतो तर मलाही वाटले असते.

उत्तरार्धात त्याच जुन्या कर्णधाराने रागारागाने चेंडूला डोके मारून बरोबरी साधली. मग उरली ती केवळ घालमेल. दहा मिनिटे उरली, पाच उरली. चेंडू बाहेर गेला की प्रेक्षक श्वास सोडत, आत आला की पुन्हा रोखून धरत.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला लांब पास आला. तोच आघाडीवीर, तसाच मागून निसटलेला, तसाच हातभर पुढे. बचावफळीतल्या तिघांचे हात एकदम वर गेले. शिष्याचाही हात खांद्यापर्यंत उचलला गेला होता. पण ते तिघे पंचाकडे पाहत नव्हते, ते शिष्याकडे पाहत होते. पंचाशी बोलायचे ते कर्णधाराने.

"अरे, सांग ना त्याला!" एक जण ओरडला.

तिघेही त्याच्या भरवशावर थांबले होते. त्याने कोणाच्या भरवशावर थांबायचे? शिष्य जीव खाऊन मागे पळत सुटला. गोलरक्षकाला चकवून चेंडू रिकाम्या जाळ्याकडे घरंगळत चालला होता. रेषा वीतभर राहिली असताना शिष्याचा पाय त्याला लागला आणि चेंडू मैदानाबाहेर गेला. शिष्य स्वतः खांबावर आदळला. झेंडा तेव्हाही खालीच होता.

सामना बरोबरीत सुटला. क्लब टिकला.

सगळे निघून गेल्यावर बरगडीवर बर्फाची पिशवी धरून शिष्याने विचारले, "वस्ताद, चूक माझी झाली होती. मग मान मलाच का दिलात?"

"चूक? तो ऑफसाइड होता. दोन्ही वेळा होता. तुझा डोळा उत्तम आहे."

"मग?"

वस्ताद त्याच्या शेजारी बाकावर बसले. "वरच्या विभागातल्या माझ्या दुसऱ्या हंगामात मीही असाच बरोबर होतो, पोरा. हात वर करून थांबलो. झेंडा आला नाही, गोल मात्र झाला. आमचा क्लब खाली घसरला आणि मी पुन्हा कधी वर गेलो नाही. पुढची सतरा वर्षे भेटेल त्याला सांगत राहिलो, की तो ऑफसाइड होता. लोक मान डोलवत आणि निघून जात. आपले चुकले असे ज्याला वाटते, तो बचावपटू मागे धावतो. आपले बरोबर आहे अशी ज्याची खात्री असते, तोच जागच्या जागी थांबतो. आज तुला बाहेर बसवले असते, तर तूही जन्मभर तेच सांगत बसला असतास. म्हणून तुला अशा जागी उभे केले, जिथे बाकीचे तुझ्याकडे पाहतील आणि तू ज्याच्याकडे पाहावेस असा कोणी नसेल."

शिष्याने बर्फाची पिशवी खाली ठेवली. मग त्याचा फोन वाजला. पत्नी होती. आनंदाने रडत होती आणि त्यातच तावातावाने सांगत होती, "आणि तो पहिला गोल ऑफसाइडच होता! टीव्हीवर तीनदा दाखवला, स्पष्ट दिसत होते!"

"असेल," शिष्य म्हणाला. "पण मी थांबलो होतो."