वेशीवरचे दोन गाडे

वाकळे महाराजांच्या दारातून एकही भक्त रिकाम्या हाताने परत गेला नाही, असं पंचक्रोशीत आजही छातीवर हात ठेवून सांगितलं जातं. महाराजांना दार नव्हतं, ही गोष्ट वेगळी. आणि जे रिकाम्या हाताने परत गेले, त्यांना विचारायला अजून कोणी गेलेलं नाही.

त्या वर्षी महाराज उंबरघळ गावी होते. अंगावर एक जुनी वाकळ, दुसरं काही नाही. गावाबाहेर ठकूबाई कुंभारीण मडकी भाजत असे, तिच्या आव्याच्या राखेपाशी ते उबेला बसत. ठकूबाई विधवा. तिला एकच मुलगी, आवडी, सहा-सात वर्षांची. आव्यातून निघालेलं पहिलं मडकं ठकूबाई पाण्याने भरून महाराजांपुढे ठेवी. महाराज पाणी पीत आणि मडकं वाटेने जाणाऱ्या कोणाला तरी देऊन टाकत. एवढीच तिची भक्ती.

गावच्या खंडेराव पाटलांना हे पाहवत नसे. पाटील काही दिवस वाईला शास्त्र्यांकडे राहून आले होते आणि त्या मुक्कामात त्यांना कर्माचा सिद्धांत समजला होता. त्यानंतर न समजलेलं असं जगात फारसं उरलं नव्हतं. कोणाची म्हैस मेली, कोणाचा हात मोडला, की पाटील मागल्या जन्मीचं कारण सांगत. त्यांची स्वतःची म्हैस मेली, तेव्हा मात्र त्यांनी गुराख्याला धरलं.

"काय ठके," ते येताजाता म्हणत, "रोज मडकं देतेस. महाराजांनी तुला काय दिलं?"

"काय मागायचं, पाटील?"

"मागायचं नाही तर द्यायचं कशाला?"

"तान लागती त्यांस्नी," ठकूबाई म्हणे, आणि पुन्हा चाकाशी बसे. चावडीवर हे उत्तर विनोद म्हणून सांगितलं जाई.

त्या आषाढात पटकी आली. सकाळी औताला गेलेला माणूस उलट्या-जुलाबांनी दिवेलागणीपर्यंत संपत असे. यावरचा उपाय उंबरघळला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. सुताराने छोटा गाडा करायचा, ठकूबाईने मातीची मरीआई घडवायची. देवीला गाड्यावर बसवून पुढे हिरव्या बांगड्या, लिंबू, दहीभात मांडायचा आणि हलगी वाजवत गाडा ओढ्यापलीकडे, माळसोंड गावच्या हद्दीत नेऊन सोडायचा. येताना मागे वळून पाहायचं नाही. देवी गेली. कुठे गेली, हा माळसोंडचा प्रश्न.

माळसोंडकरांनाही हाच उपाय ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी गाडा ओढ्याच्या अलीकडे उभा होता. तो पुन्हा नेला, पुन्हा आला. देवीचा हा प्रवास चालू असतानाच आवडीला उलट्या सुरू झाल्या.

चावडीवर माणसं जमली. पाटील म्हणाले, "आता कळलं. देवी गाड्यावर बसतच नव्हती, ती कुंभारणीच्या घरात बसली आहे. रिकामा गाडा ओढून काय उपयोग? पोरीला गाड्यावर घाला. पलीकडे सोडून या."

"पाटील, ल्हान पोर हाय ती," सुतार म्हणाला.

"देह लहान आहे. मागचं पाप लहान असेलच असं नाही."

प्रत्येकाच्या घरी पोरं होती, आणि ती अजून बरी होती. खुद्द पाटलांच्या सुनेचे दिवस भरत आले होते. तिच्या खोलीच्या दाराला त्यांनी स्वतःच्या हाताने कडुलिंबाचे डहाळे बांधले होते. भ्यालेल्या माणसाला सिद्धांत लवकर सापडतो.

ऊन वर यायच्या आत गाडा ठकूबाईच्या दारात आला. ती धावत महाराजांकडे गेली.

"बाबा, पोरीला टाकाया न्यायलेत. माझ्या आवडीनं काय केलं हो?"

इतर संतांच्या चरित्रांत इथे एक सुंदर दृष्टांत येतो. महाराज म्हणाले, "मला माहीत नाही, माय."

तिच्या मागोमाग आलेले पाटील हे ऐकून हसले. "ऐकलंस? रोज मडकं घेणाऱ्याला एवढंही माहीत नाही. मी सांगतो तुला—"

"तू त्या जन्मी हजर होतास का रे?" महाराजांनी विचारलं. आवाज शांत होता. पाटलांना राग आला. पण गाडा निघायची घाई असल्याने तो त्यांनी पुढे ढकलला.

महाराज उठले. ठकूबाईला म्हणाले, "नवी मडकी घे. आव्यातला विस्तव घे. मीठ घे. माझ्या मागनं ये."

हलगी वाजू लागली. गाड्यावर देवीशेजारी आवडी मुटकुळं करून पडली होती. तिचे डोळे खोल गेले होते, ओठांना कोरड पडली होती. महाराज गाड्याच्या बाजूने तिचा हात धरून चालले होते. मागून ठकूबाई, डोक्यावर उतरंड आणि हातात विस्तवाचं खापर. तिला कोणी अडवलं नाही. अडवायला जवळ जावं लागलं असतं.

ओढ्याच्या उतारावर आल्यावर हलगीवाल्याचा हात थबकला. हलगी मात्र वाजतच होती. ती पलीकडून ऐकू येत होती.

समोरच्या उतारावरून माळसोंडने केलेला दुसरा गाडा खाली येत होता. त्यावरही देवी होती, बांगड्या होत्या, दहीभात होता. आणि एक पोरगा होता, आवडीच्याच वयाचा, तसाच मुटकुळं करून पडलेला. माळसोंडलाही कोणीतरी पाटील असणारच.

दोन्ही गाडे ओढ्याच्या पात्रात समोरासमोर आले. दोन्ही गावांच्या हातांत काठ्या होत्या.

"गाडा मागं घ्या!"

"तुमचाच घ्या की. आमची शीव हाय ही."

"तुमची देवी तुमच्याकडं ठेवा."

"तुमचीच हाय ती, परवा तुम्हीच सोडली!"

माळसोंडच्या गाड्याचा दोर ओढणाऱ्यांत सर्वांत पुढे असलेला माणूस पुन्हा पुन्हा मागे गाड्याकडे पाहत होता. त्याचं नाव मल्हारी. गाड्यावरचा इठू त्याचा मुलगा होता.

महाराज दोन गाड्यांच्या मधे ओल्या वाळूत बसले. एक हात या गाड्याच्या चाकावर ठेवला, दुसरा त्या गाड्याच्या चाकावर. पाटील ओरडले, "ओढा!" माळसोंडकडूनही तीच आरोळी आली. गडी दोरांना झोंबले. गाडे हलले नाहीत. आणखी गडी लागले, दोर तुटला, माणसं एकमेकांवर पडली. चाकं तसूभर सरकली नाहीत. ओढ्यात चिखल होता, असं पुढे काही शंकेखोरांनी सांगितलं. चिखल होता, हे खरं. पण त्याच चिखलातून आदल्या दिवशी दोन पोक्त माणसांनी गाडा लीलया ओढून नेला होता.

हलग्या थांबल्या. हातांतले दोर गळून पडले. दोन्ही गावं आपापल्या उतारावर मागे सरली आणि पहिल्यांदाच दोघांचं कशावर तरी एकमत झालं: खाली कोणी जायचं नाही.

महाराजांनी वाकळ पसरली, दोन्ही पोरांना उचलून तीवर शेजारी शेजारी निजवलं. "माय, पाणी उकळ."

"लाकडं वली हायती, बाबा."

"गाडे कोरडे आहेत."

ठकूबाई क्षणभर थांबली. मग तिने स्वतः घडवलेली मरीआई गाड्यावरून उतरवली आणि पोरांच्या उशाशी ठेवली. "आई, तू हितं बस," ती म्हणाली, "आन् बघ." मग दगड घेऊन तिने गाडा फोडला.

उतारावर हलकल्लोळ झाला. पाटील चार पावलं खाली आले. तोवर महाराजांनी देवीपुढचा दहीभात उकळत्या पाण्यात घातला होता आणि मीठ टाकून त्याची पातळ पेज चालवली होती.

"नैवेद्य आहे तो!" पाटील म्हणाले.

"देवीला उलट्या होत नाहीत," महाराज म्हणाले, आणि निवालेली पेज घोटाघोटाने आवडीच्या तोंडात घालू लागले.

"मग तुमचा देव काय करतो आहे?" पाटलांचा आवाज चढला. "एवढा दयाळू आहे, तर पोरं अशी का पडली? सांगा की लोकांना. माझं कारण चुकीचं, तर तुमचं कोणतं?"

हा प्रश्न पाटलांनी चेष्टेने विचारला होता, पण ऐकणाऱ्यांत असं कोणी नव्हतं ज्याने तो मनात विचारला नसेल. महाराजांनी मान वर केली नाही.

"मी त्याला रोज विचारतो," ते म्हणाले. "अजून बोललेला नाही. बोलेपर्यंत दुसऱ्या पोराचं डोकं कोण धरतंय?"

पाटील जागचे हलले नाहीत. समोरच्या उतारावरून मल्हारी खाली आला. मागून कोणीतरी त्याला हाक मारली, "मल्हारी, शिवू नगंस," पण त्याने ऐकलं नाही. त्याने इठूचं डोकं मांडीवर घेतलं. ठकूबाईने मडकं त्याच्याकडे सरकवलं.

दुपार अशीच गेली. पाणी उकळायचं, पेज पाजायची, पोरं ओकायची, पुन्हा पाजायची. एक गाडा जळून संपला तसा मल्हारीने दुसरा फोडला. उतारावरची माणसं जागची हलेनात. घरी जावं तर घरी पटकी होती. पाटीलही होते. ते बसले होते, आणि बसल्या जागेवरून त्यांना दोन्ही पोरांचे चेहरे दिसत होते. एवढ्या जवळून त्यांनी कोणाचं मागल्या जन्मीचं पाप पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

ऊन उतरता उतरता आवडीची उलटी थांबली. तिने डोळे उघडले, पेज चाखली आणि म्हणाली, "गूळ न्हाई व्हय गं यात?" उंबरघळच्या उतारावर हुंदके फुटले. कोणीतरी महाराजांचा जयजयकार सुरू केला. महाराजांनी हात वर करून तो थांबवला. त्यांचा दुसरा हात इठूच्या छातीवर होता.

सूर्य टेकला तेव्हा इठू गेला. तो आवाज न करता गेला, इतका की मल्हारी त्यानंतरही थोडा वेळ पेज पाजत होता. ती ओठांच्या कडेने खाली येत होती.

ठकूबाईने आवडीला पदराखाली झाकून घेतलं, जणू ती कुठून तरी चोरून आणली होती. हळूच महाराजांना म्हणाली, "एकाच मडक्यातलं पाजलं, बाबा. माझीच का वाचली?"

"मला माहीत नाही, माय," महाराज म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कोणत्याही भक्ताने ते त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

मल्हारीने वर पाहिलं. त्याची नजर पाटलांवर गेली. पागोटं, अंगरखा, शहाणा चेहरा. तो विनवणीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही शिकल्यालं दिसताय. तुम्ही सांगा. माझ्या पोरानं काय केलं हुतं?"

पाटलांपाशी उत्तर होतं. सकाळीच त्यांनी ते चावडीवर दिलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. मल्हारी वाट पाहत होता. आणि भक्तहो, गाडे थांबले हा चमत्कार मानायचा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण खंडेराव पाटलांचं तोंड उघडलं आणि त्यातून एक अक्षर निघालं नाही, हे दोन गावांनी पाहिलं.

पाटील उतार उतरून खाली आले. पागोटं काढून महाराजांच्या पायांवर डोकं ठेवू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझे नकोत," ते म्हणाले. "त्याचे धर."

पाटील वाकळीपाशी गुडघ्यांवर बसले आणि इठूच्या थंड पावलांवर त्यांनी कपाळ टेकलं. मल्हारीने त्यांना उठवेपर्यंत ते उठले नाहीत. माती द्यायला उंबरघळ आणि माळसोंड दोन्ही गावं होती, आणि खड्डा पाटलांनी खणला.

पुढल्या आषाढात पटकी पुन्हा आली. सुतारांनी नवे गाडे केले. ओढ्याकडे कोणी फिरकलं नाही; उंबरघळने आपला गाडा पूर्वेच्या शिवेला सोडला, माळसोंडने पश्चिमेच्या. गाड्यांवर पोरं नव्हती.