कुसळीची घाई

गाईंना अजून दावणीची ओळख नव्हती, तेव्हाची गोष्ट. कळप येतोय म्हटल्यावर माळावरचं सगळं गवत आनंदाने डोलायला लागलं. एकटी कुसळी घाबरली. तिने घाईघाईने अंगभर टोकदार कुसळं काढली.

"आता मला कोण खातंय, बघतेच," ती म्हणाली.

गाईने शेजारची मारवेल बुडापर्यंत खाल्ली. कुसळीला हसू आलं. पण आठ दिवसांत मारवेल दुप्पट फुटवे घेऊन वर आली. "अगं, मी दुधातही गेले आणि इथेही आहे!"

वाळत चाललेल्या कुसळीला राहवेना. "गाईबाई, मलाही खा ना."

"कशी खाऊ? तोंडाला टोचतेस."

तेव्हापासून माळावरून कोणीही जाऊ दे, कुसळी लगबगीने त्याच्या धोतराला बिलगते. तिला अजून वाटतं, हा गाईकडेच चाललाय.