फूग बाई, फूग

खूप जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा दारांना कड्या होत्या पण कुलपं नव्हती, आणि शेजारणीच्या घरात आज काय शिजतंय हे विचारायला कुणाला संकोच वाटत नसे.

घाटमाथ्यावर एक गाव होतं. गावाच्या उतारावर मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफीची झाडं वाढायची, त्यामुळे घरोघरी आपापल्या परसातली कॉफी असायची. तिथल्या एका घरात दोन जावा राहत होत्या. थोरली शांत, बेताचं बोलणारी. धाकटी पटकन हसणारी आणि तितकीच पटकन रुसणारी. रुसली की गाल फुगवून बसायची. मग कुणी कितीही विचारलं तरी तोंड उघडेल तर शपथ.

थोरलीचा एक नेम होता. सकाळची झाडलोट आटोपली की ती चुलीपाशी पाट मांडून बसायची. खाली गडू, गडूवर मातीचं नरसाळं, नरसाळ्यात पातळ फडकं आणि फडक्यात जात्यावर भरडलेली ताजी कॉफी. मग लांब चोचीची झारी उचलून ती गरम पाण्याची बारीक धार धरायची. दिवसभर बिचारीची धावपळच असे. ही एवढी एकच गोष्ट ती सावकाश करायची. त्या वेळात घरातलं कुणी काही विचारायला आलं, तर न बघताच "हो" म्हणायची.

एके दिवशी धाकटीनं हौसेनं कॉफीच्या बिया भाजायला घेतल्या आणि बोलण्याच्या नादात करपवल्या. जेवायला बसल्यावर थोरले दीर म्हणाले, "वा! आज कोळशाची कॉफी वाटतं!" सगळे हसले. थोरलीही हसली.

पुरुषांचं हसणं धाकटीनं मनावर घेतलं नाही. पण जाऊबाई हसल्या, ते तिला फार लागलं. तिनं थोरलीशी बोलणंच सोडलं. थोरलीला वाटलं, निवळेल आपोआप. म्हणून तीही काही बोलली नाही. असे बरेच दिवस गेले.

शेजारी एक काकी राहायची. काकी मनानं वाईट नव्हती, कान तेवढा लांब होता. एकदा कुडाच्या कुंपणापलीकडून तिनं धाकटीला खुणेनं बोलावलं.

"सांगू नये गं, पण राहवत नाही. तुझी जाऊ रोज सकाळी काय बोलते ठाऊक आहे? 'फुगलीस का? फूग बाई, फूग. मला काही घाई नाही.' या माझ्या कानांनी ऐकलंय!"

"माझं नाव घेऊन?"

"नाव कशाला घ्यायला हवं? तुमच्या घरात फुगलेली दुसरी आहे कोण?"

झालं! धाकटीचं डोकं फिरलं. ती तडक नवऱ्याकडे गेली. "अहो, मी वेगळी चूल मांडणार."

"मांड बाई," नवरा म्हणाला. तो घाबरट होता. "पण नीट विचार कर. वेगळी झालीस की झालीस."

त्यानं म्हटलं ते खरं होतं. त्या गावचा रिवाजच तसा. वेगळी चूल पेटवायची ती जुन्या चुलीतल्या निखाऱ्यानं. आणि नव्या चुलीवरचं काही एकदा पोटात गेलं, की अंगणात मधोमध कूड घालायचा. त्यानंतर ती दोन घरं पुन्हा एक होत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकटीनं अंगणात तीन दगड मांडले आणि निखारा मागायला गेली. थोरलीनं चिमटा उचलला. तिनं मुकाट्यानं खापरीत निखारा घालून दिला.

धाकटीनं चूल पेटवली, पाणी खळाखळा उकळलं. चुलीला अगदी खेटून गडू ठेवला, वर नरसाळं, त्यात फडकं, त्यात कॉफी. सगळं थोरलीसारखंच. मग पातेलं उचललं आणि सगळं पाणी एकदमच ओतलं. कॉफी तरारून वर आली, काठावरून उतू गेली. सावरायला जावं तो नरसाळं कलंडलं, गडू आडवा झाला आणि सगळी कॉफी चुलीत. फस्स!

"अगोबाई! काय झालं गं?" कुडापलीकडून काकी.

"काही नाही!" धाकटी ओरडली. तिच्या लुगड्यावर चोथा आणि डोळ्यांत धूर. चूल तर पार विझलेली.

आता पुन्हा निखारा मागणं आलं. जीव नको नको झाला, पण करते काय? खापरी घेऊन ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. थोरली पाठमोरी बसली होती. तेवढ्यात धाकटीनं स्वतःच्या कानांनी ऐकलं,

"फुगलीस का? फूग बाई, फूग. मला काही घाई नाही."

"जाऊबाई!" धाकटीचा आवाज चिरकला. "अहो, वेगळी झाले तरी माझी पाठ सोडत नाही तुम्ही?"

थोरली एवढी दचकली की झारी हातातून सुटता सुटता राहिली. "तुझी पाठ? अगं, तुला कोण म्हणतंय? हिला म्हणते मी! ये, बघ."

धाकटीनं वाकून बघितलं. नरसाळ्यातली कॉफी टम्म फुगली होती. वर बारीक बारीक बुडबुडे येत होते आणि फुटत होते. वास तर असा सुटला होता, की रागातसुद्धा तिनं तो भरून घेतला.

"ताजी कॉफी आहे ना," थोरली म्हणाली, "पहिलं पाणी जरासं पडलं की अशी फुगते. आत कोंडलेलं बाहेर पडतं तिचं. ते पडू द्यायचं. तेवढ्यात वरून आणखी ओतलं तर उतू जाते."

"ते कळलं मला," लुगड्यावरचा चोथा झटकत धाकटी म्हणाली.

थोरलीला हसू येत होतं. पण या वेळी तिनं ते ओठांतच दाबलं.

दोघी बघत राहिल्या. बुडबुडे कमी झाले. फुगवटा हळूहळू खाली बसला.

"बसली," धाकटी हलकेच म्हणाली. "मग आता?"

"आता लगेच दुसरं पाणी. बसल्यावरही तशीच ठेवली तर गार पडते. मग कितीही पाणी घाला, चव काही येत नाही..."

बोलता बोलता थोरली थबकली. झारी हातात तशीच राहिली.

"तुझ्यासाठीही मी थांबले होते गं," ती म्हणाली. "पण दुसरं पाणी घालायचं राहूनच गेलं. मी हसायला नको होतं त्या दिवशी."

धाकटीचे फुगलेले गाल एकदम ओले झाले. "आणि मला काय लागलंय, हे मी तरी कुठे सांगितलं?" मग डोळे पुसून ती म्हणाली, "धार धरा आधी जाऊबाई. ती गार होतेय."

थोरलीनं धार धरली. गडूत थेंब थेंब कॉफी उतरली. गूळ घालून दोघींनी ती एकाच चुलीपाशी बसून प्यायली.

"निखारा हवा होता ना तुला?"

"हवा होता. आता नको."

अंगणातल्या त्या तीन दगडांवर पुढे झारी आणि नरसाळं उन्हात वाळत पडायचं. कूड काही कुणी घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून धाकटी शेजारी हाक मारू लागली, "काकी, भिंतीला कान लावण्यापेक्षा दारातून या, कॉफी प्यायला!"

"मी आपलं ऐकलं तेच सांगितलं हो," काकी आत येत म्हणाली.

"ऐकलंत खरं. आता बघा." आणि काकीही नरसाळ्यासमोर बसून, गप्प राहून, कॉफी फुगण्याची आणि बसण्याची वाट बघायला शिकली. तेवढा वेळ तरी तिला कुणाच्या घरातलं काही ऐकू येत नसे.

म्हणून, बाळांनो आणि बाळांच्या आयांनो, एवढं ध्यानात ठेवा: कुणी फुगलं तर निवळेपर्यंत थांबावं, पण निवळलं की आपण होऊन बोलावं.